रोजची वाट

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, समुद्राच्या अगदी काठी, मुरूड नावाचे एक टुमदार गाव आहे. एका बाजूस अथांग सागर, दुसऱ्या बाजूस डोंगर आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळींच्या दाट वाड्या, असे त्या गावाचे रूप आहे. दीडशे वर्षांपूर्वी तेथील उन्हाळा मोठा शांत असे. सकाळी वाडीत रहाटाची कुरकूर ऐकू येई. दुपारी सारे गाव सावलीला विसावे. दिवस कलला म्हणजे खाऱ्या वाऱ्याची झुळूक येई आणि मुलांचे पाय आपोआप पुळणीकडे वळत. आंबे, फणस, करवंदे यांचे ते दिवस. कोणाला कसली घाई नसे. गाव सोडून दूर जाणारेही थोडेच असत, कारण जायचे तर समुद्रात तारवाने जावे किंवा पायांनी डोंगर तुडवावे, एवढेच दोन मार्ग होते.

याच गावात धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या आजोळच्या गावी झाला. कर्वे घराणे एके काळी संपन्न होते. परंतु धोंडोपंतांच्या जन्मापूर्वीच घराला उतरती कळा लागली होती. घरात पैसा नव्हता, पण स्वाभिमान होता. आईवडिलांचे वळण कडक होते. धोंडू स्वभावाने अतिशय लाजाळू होता. चारचौघांत बोलण्याचा त्याला संकोच वाटे. तरीही त्याच्या गुरुजींनी, सोमण मास्तरांनी, त्याला एक काम सांगितले. संध्याकाळी गावातील मंडळी दुर्गादेवीच्या देवळात जमत. त्या काळी लिहिता-वाचता येणारी माणसे थोडी. तेव्हा धोंडूने देवळात बसून सर्वांना वर्तमानपत्र वाचून दाखवावे, असे ठरले. लाजाळू मुलाने ते काम नेमाने केले. आपल्याला येते ते दुसऱ्याला द्यावे, हा धडा त्याला शाळेच्या पुस्तकाआधी या देवळात मिळाला.

त्या वेळी मराठी सहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास शिक्षकाची किंवा सरकारी नोकरी मिळू शके. परंतु परीक्षेचे केंद्र जवळपास नव्हते. आणि परीक्षेस बसणाऱ्याचे वय सतरा वर्षे पूर्ण असावे, असा नियम होता. १८७५ साली धोंडोपंतांना सतरा वर्षे पूर्ण झाली. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी हर्णै बंदरातून तारवाने मुंबई गाठण्याचा बेत केला. पण दिवस पावसाळ्याचे होते. समुद्र खवळला होता आणि तारू सुटण्याचे चिन्ह दिसेना. परीक्षेचा दिवस तर जवळ येत चालला. आता उरला एकच मार्ग. सातारा येथेही केंद्र होते. तेथे चालत जावयाचे! मुरूडहून सातारा शंभर मैलांहून अधिक दूर. वाटेत सह्याद्रीचा कुंभार्ली घाट. मुसळधार पाऊस, निसरड्या वाटा, दुथडी भरून वाहणारे ओढे. मुलांनी आपापली गाठोडी पाठीला बांधली आणि ती चालू लागली.

चार दिवसांनी ती साताऱ्यास पोहोचली. अंग ठणकत होते, पायांची चाळण झाली होती. परंतु वेळेवर पोहोचल्याचा आनंद मोठा होता. दुसऱ्या दिवशी धोंडोपंत परीक्षा समितीपुढे उभे राहिले. ते अंगाने किरकोळ व ठेंगणे होते. समितीच्या अध्यक्षांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले आणि या मुलाचे वय सतरा असणे शक्य नाही, असा निर्णय दिला. धोंडोपंतांनी वयाचा दाखला पुढे केला. त्याचाही उपयोग झाला नाही. ज्या परीक्षेसाठी त्यांनी शंभर मैलांची वाट तुडवली होती, तिची प्रश्नपत्रिकाही त्यांना पाहावयास मिळाली नाही.

कल्पना करा, परतीच्या वाटेवर त्या मुलाच्या मनात काय आले असेल! एखादा निराश होऊन घरी बसला असता. धोंडोपंतांनी पुन्हा अभ्यासाला आरंभ केला आणि पुढील वर्षी कोल्हापूरच्या केंद्रातून ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधावी, आणि ती लांबची असली तरी चालावी, ही गोष्ट त्यांच्या अंगी तेव्हापासून बाणली ती कायमची.

पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला. मॅट्रिकची परीक्षा दिली तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. १८८४ साली गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले. शिक्षणास उशीर झाला याची खंत करीत ते बसले नाहीत. स्वतःची मिळकत बेताची असतानाही त्यांनी आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ उभारला. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना पुण्यास बोलावून घेतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले. तेथे तेवीस वर्षे त्यांनी अध्यापन केले. विद्यार्थी व स्नेही त्यांना ‘अण्णा’ म्हणू लागले.

याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई निवर्तली. अण्णांनी पुन्हा विवाह करावा, असा आग्रह सुरू झाला. त्या काळची रूढी अशी होती, की पत्नी वारल्यास पुरुषाने खुशाल दुसरे लग्न करावे, आणि तेही एखाद्या अजाण बालिकेशी. पण पती वारल्यास स्त्रीने मात्र जन्मभर विधवा राहावे. आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने होत. त्यांतील कित्येकींचे पती लवकरच मरण पावत. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच त्या मुली विधवा होत. त्यांचे केशवपन करीत, त्यांना एकवेळ जेवावयास लावीत, सणासुदीला त्यांना पुढे येऊ देत नसत. शाळा तर त्यांच्या स्वप्नातही नसे. विधवेच्या विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण समाजाच्या मनाने तो कायदा स्वीकारला नव्हता.

अण्णांनी निश्चय केला, की विवाह करीन तर विधवेशीच करीन. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात अण्णांचा तिच्याशी विवाह झाला. ती पुढे आनंदीबाई कर्वे या नावाने प्रसिद्ध झाली. सर्वांना त्या ‘बाया’ म्हणून परिचित होत्या.

या विवाहाची वार्ता मुरूडला पोहोचताच गाव खवळले. अण्णांवर बहिष्कार पडला. त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्यांनाही वाळीत टाकण्याची धमकी देण्यात आली. ज्या गावासाठी त्यांनी पै पै गोळा केली होती, त्या गावात आई-भावंडांच्या पंक्तीस बसणेही त्यांना अशक्य झाले. नारळी-पोफळींच्या सावलीतले ते शांत उन्हाळे, ती पुळण, ते देऊळ, सारे काही होते तेथेच होते. पण अण्णांसाठी त्या घराचे दार पूर्वीसारखे उघडे राहिले नव्हते. अण्णांनी गावाला दोष दिला नाही. लोकांच्या मनातील समजूत जुनी आहे, ती बदलावयास वेळ लागेल, हे ते ओळखून होते.

एका विधवेशी विवाह केल्याने हजारो विधवांचे दुःख दूर होणार नव्हते. त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करील असे शिक्षण हवे होते. म्हणून १८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. आपल्या शिलकीतील रक्कम त्यांनी प्रथम आश्रमाला दिली आणि मगच ते लोकांपुढे हात पसरू लागले. पुणे शहरात आश्रम चालवणे सोपे नव्हते. लोकांचा विरोध होता. त्यात प्लेगची भीती होती. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहरापासून सुमारे चार मैलांवर हिंगणे या खेड्यात सहा एकर जागा व साडेसातशे रुपये दिले. तेथे एक साधी झोपडी बांधण्यात आली आणि १९०० साली आश्रम तिच्यात राहावयास गेला.

येथून अण्णांच्या रोजच्या वाटचालीला आरंभ झाला. त्या वेळचे हिंगणे म्हणजे माळरान होते. भोवती शेते, झुडपे आणि ओसाड टेकड्या. रात्री कोल्हेकुई ऐकू यावी, एवढा एकांत. अशा ठिकाणी मुलींना एकट्या कसे ठेवावयाचे? म्हणून महाविद्यालयातील काम संपले, की अण्णा बाजारात जात. आश्रमाला लागणारे सामानसुमान घेत. ते खांद्यावर टाकत आणि हिंगण्याची वाट धरत. तेथे पोहोचल्यावर मुलींची विचारपूस करावी, त्यांना शिकवावे, हिशेब पाहावा आणि रात्री तेथेच मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार मैल चालून पुणे गाठावे आणि वेळेवर वर्गात उभे राहावे. हा त्यांचा नित्यक्रम होता.

चार मैल म्हणजे आजच्या मापाने साडेसहा किलोमीटरांच्या आत-बाहेर. जाऊन-येऊन दिवसाचे आठ मैल झाले. वर्षातील अडीचशे दिवस जरी धरले, तरी वर्षाला दोन हजार मैल भरतात! अण्णा गणिताचे अध्यापक होते; पण हा हिशेब त्यांनी कोणाला ऐकवला नाही. पावसाळ्यात त्या वाटेवर गुडघाभर चिखल होई. पाय रुतून बसत, सामान भिजू नये म्हणून जपावे लागे आणि अंधारात वाट चुकण्याचे भय असे. हिवाळ्यात बोचरी थंडी आणि उन्हाळ्यात तापलेला फुफाटा. शिवाय पुण्याच्या घरी पत्नी व लहान मुले वाट पाहत असत. एकीकडे घराची ओढ, दुसरीकडे आश्रमाची जबाबदारी. घरातील माणसांना आपण पुरेसा वेळ देऊ शकत नाही, ही जाणीव त्यांच्या मनाला टोचत असे. बायांनी हा भार मुकाट्याने उचलला. त्यांनी काटकसरीने संसार चालवला, मुले वाढवली. अण्णांच्या त्या वाटचालीत त्यांचेही कष्ट आहेत, हे विसरून चालणार नाही.

पाहणाऱ्याला या चालण्यात विशेष काही दिसत नसे. एक सडपातळ गृहस्थ, डोक्याला पगडी, अंगात साधा कोट, खांद्यावर पिशवी, खाली मान घालून झपझप चालला आहे, एवढेच. वाटेने कोणी टिंगल करीत, कोणी तोंड फिरवीत. अण्णा उत्तर देत नसत. वादविवादात त्यांना गोडी नव्हती. रोजच्या रोज आपले काम करीत राहणे हेच त्यांचे उत्तर होते.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की महाविद्यालय ओस पडे. इतर मंडळी विश्रांतीसाठी आपापल्या गावी जात. आश्रमाच्या आवारातही दुपारी सामसूम होई. परंतु अण्णांना सुट्टी ठाऊक नव्हती. आश्रमातील मुलींच्या जेवणाखाणाचा, पुस्तकांचा, नव्या इमारतींचा खर्च भागवावयाचा तर पैसा हवा. म्हणून सुट्टीत ते गावोगाव हिंडत. कोणी रुपया देई, कोणी चार आणे देई. कोणी रित्या हाताने परत पाठवी. चार आण्यांचीही नोंद वहीत नीट होई. लोकांचा पैसा हा विश्वासाने सोपवलेला ठेवा आहे, अशी त्यांची दृष्टी होती. म्हणूनच ज्यांना त्यांची मते पटत नसत, अशा लोकांचाही त्यांच्या सचोटीवर विश्वास बसला.

हळूहळू त्या झोपडीभोवती इमारती उभ्या राहिल्या. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात आल्या. त्याही विधवा होत्या. वयाने मोठ्या झाल्यावर त्या शिकल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत देशभर फिरल्या. इंग्रजी जेमतेम येत असताना अमेरिकेसही जाऊन आल्या. १९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले. ज्या मुलींना घरात कोपरा दाखवला जात होता, त्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, संस्था चालवू लागल्या. चिखलातून रोज वाहून नेलेल्या धान्याला असे पीक आले.

एकदा अण्णांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली. आपल्याकडेही असे विद्यापीठ का नसावे, असे त्यांना वाटले. तेव्हा त्यांचे वय साठीच्या जवळ आले होते. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणे, हे त्याचे एक वैशिष्ट्य होते. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी इतक्या थोड्या होत्या, की त्या हाताच्या बोटांवर मोजता याव्यात. अनेकांना तो पोरखेळ वाटला. अण्णांना संख्येची चिंता नव्हती. रोज थोडे थोडे पुढे जाण्याची त्यांना सवय होती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास देण्यात आले. आज हजारो मुली त्या विद्यापीठात शिक्षण घेत आहेत.

१९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून त्यांनी आपल्या देशातील स्त्रीशिक्षणाची हकीकत तेथील लोकांना सांगितली. बर्लिन येथे थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांची त्यांनी भेट घेतली. त्यानंतर ते आफ्रिकेतही जाऊन आले. देवळात वर्तमानपत्र वाचताना ज्याचा आवाज संकोचाने दबत होता, तो मुरूडचा मुलगा आता परदेशातील सभांतून बोलत होता.

परंतु अण्णांची खरी ओढ पायवाटेचीच होती. परतल्यावर त्यांनी १९३६ साली महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. त्या काळी कित्येक खेड्यांत शाळा नव्हती. अण्णांना दरमहा ७० रुपये निवृत्तिवेतन मिळे. त्यांतील १५ रुपये ते या कार्यास देत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा वृद्ध पुण्याच्या गल्ल्यांतून दारोदार पायी हिंडे आणि खेड्यातील मुलांसाठी आण्या-दोन आण्यांची मदत मागे. बांधाबांधाने शाळेस जाणाऱ्या खेडुतांच्या मुलांकडे पाहून त्यांना आपले बालपण आठवत असेल काय? शिकण्यासाठी शंभर मैल चाललेल्या माणसाला एवढेच वाटत होते, की दुसऱ्या कोणा मुलाला इतके चालावे लागू नये.

१९४४ साली त्यांनी समता संघ स्थापन केला. सर्व माणसे समान आहेत, हा विचार पसरवणे हा त्याचा हेतू होता. १९५० साली बायांचे निधन झाले. सत्तावन्न वर्षांची सोबत संपली. अण्णा हिंगण्यास आपल्या संस्थेच्या परिसरात साधेपणाने राहत होते. मोजका आहार, वेळेवर झोप, नेमाचे काम आणि मनात कोणाविषयी कटुता नाही, असे त्यांचे शांत वार्धक्य होते.

समाजालाही एव्हाना त्यांची थोरवी उमगली होती. लोकांनी त्यांना ‘महर्षी’ ही पदवी प्रेमाने दिली. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली भारतरत्न हे सन्मान त्यांना लाभले. १८ एप्रिल १९५८ रोजी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने मुंबईत झालेल्या समारंभास पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. त्याच दिवशी भारताच्या टपाल खात्याने अण्णांचे चित्र असलेले तिकीट काढले. हयात असताना ज्यांचे चित्र आपल्या टपाल तिकिटावर आले, असे ते पहिले भारतीय होत. ज्यांच्या पंक्तीस बसणे एके काळी पाप मानले गेले, त्यांचे चित्र आता घरोघरी पत्रांवरून पोहोचू लागले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, पुण्यात त्यांची जीवनयात्रा संपली.

थोर माणसांच्या चरित्रांत आपण बहुधा मोठे पराक्रम शोधतो. महर्षी कर्व्यांच्या चरित्रात तलवारीचा खणखणाट नाही, गर्जना करणारे भाषण नाही. तेथे आहे ती एकच वाट, रोज संध्याकाळी जाण्याची आणि रोज सकाळी येण्याची. एक दिवस आठ मैल चालणे कोणालाही जमेल. परंतु ऊन असो, पाऊस असो, कोणी पाहत असो वा नसो, दुसऱ्यासाठी रोज चालणे, हे फार थोड्यांना जमते.

आज हिंगण्याचे ते माळरान राहिलेले नाही. पुणे शहर वाढत वाढत त्याच्याही पलीकडे गेले आहे. त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि पुण्याहून तिकडे जाणाऱ्या हमरस्त्याला महर्षी कर्व्यांचे नाव आहे. त्या रस्त्यावरून सकाळ-संध्याकाळ वाहनांची रीघ लागलेली असते. पाठीवर दप्तर घेतलेल्या शेकडो मुली शाळा-महाविद्यालयांकडे जात असतात. त्यांना कोणी अडवीत नाही, कोणी नावे ठेवीत नाही. मुलींनी शाळेत जाणे ही गोष्ट आता रोजची झाली आहे.

ती रोजची व्हावी, यासाठीच अण्णा रोज चालले.